रेघ आईंच्या डोळ्यात नाही, पॅनलमध्ये आहे

पत्र असं आहे (थोडं कापून देतो आहे):

“दादा, २०२४च्या धनत्रयोदशीला, म्हणजे २९ ऑक्टोबरला, ५५ इंची टीव्ही घेतला. ४६,९९० रुपये. दुकानदार ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, मी त्यांना भाऊजी म्हणते. गेल्या जुलैत सासूबाई म्हणायला लागल्या, डोळ्यात हिरवी रेघ येते. वय ८३, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे. घरी येऊन टीव्ही लावला तर रेघ आम्हालाही दिसली!

१८ जुलैला कंपनीत तक्रार केली. पहिल्यांदा मुलगा आला, सॉफ्टवेअर अपडेट केलं, ओटीपी घेतला आणि गेला. रेघ तशीच. ऑगस्टमध्ये दुसरा आला, एक बोर्ड बदलला. तीन आठवडे टीव्ही छान चालला. अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघायला पाहुणे आले होते, त्याच दिवशी परत रेघ, या वेळी दोन. तिसरा म्हणाला, ‘पैनल गया है, पार्ट आएगा तो फोन करेंगे.’ फोन आलाच नाही. मीच रोज करत होते. ३ नोव्हेंबरला मेसेज आला की तक्रार बंद, बिघाड व्होल्टेजमुळे आहे आणि वॉरंटी संपली आहे. पॅनलचे २९,५०० भरा म्हणतात. पुण्याचा मुलगा म्हणतो, आई, सोड, नवा घे. हे म्हणतात, मित्राला त्रास नको. मला मात्र राग येतो आहे. भरू की सोडू की भांडू?

— सुदामानगर, इंदूर”

ताई,

भरू नका. सोडूही नका. भांडायचं आहे, पण फोनवर नाही. तुम्ही जुलैपासून फोनवर भांडताय आणि त्या भांडणाचा तुमच्या हातात एकही कागद नाही, माझ्या मते खरी अडचण ती आहे.

आधी रेघेचं बोलू. रामबागेत माझं दुरुस्तीचं दुकान होतं, पिक्चर ट्यूबच्या काळापासून. तेव्हा सेट उघडला की बिघाड बहुतेक दिसायचा. काळा पडलेला रेझिस्टर, फुगलेला कपॅसिटर, तुटलेला टाका. पन्नास-शंभर रुपयांत काम. आताच्या सेटमध्ये बोर्ड दोन-तीनच असतात आणि बाकी सगळा टीव्ही म्हणजे ते एक पॅनल. ते गेलं की सेटचा जीव गेला, म्हणून तर तुम्हाला ४७ हजारांच्या टीव्हीसाठी साडेएकोणतीस हजार सांगतात.

तुमचा सेट फोर-के असणार. त्याच्या पडद्यावर आडव्या दिशेने ३,८४० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे. म्हणजे वरून खाली जाणाऱ्या ११,५२० तारा झाल्या, केसाहून बारीक. त्या काचेच्या कडेला येतात आणि तिथे पातळ फिल्मच्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात. त्या पट्टीवरच चिप असते, आमच्या धंद्यात तिला सीओएफ म्हणतात. हा जोड सोल्डरचा डाग देऊन केलेला नसतो, उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेला असतो. तो एका जागी सुटला की त्या तारेला सिग्नल मिळत नाही आणि वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ उभी राहते. हिरव्या कप्प्याची तार असली की हिरवी. आईंना जी दिसली ती.

दुसऱ्या मुलाने बदलला तो टी-कॉन बोर्ड असणार, म्हणजे पॅनलला चित्राचे सिग्नल वाटून देणारा. तो बिघडला तर बहुधा रुंद पट्टे येतात, अर्धा पडदा जातो किंवा सगळं चित्र फाटल्यासारखं दिसतं. एकच बारीक रेघ हे त्याचं लक्षण नव्हे. मग तीन आठवडे का चालला? सेट उघडला, केबल काढून परत बसवल्या, कुठेतरी दाब पडला आणि सुटलेला जोड तात्पुरता टेकला. आमच्याकडेही रेडिओला थाप मारली की चालू व्हायचा, त्यातलाच प्रकार.

तुम्ही घरी एवढं करून बघा. सकाळी टीव्ही लावल्या लावल्या रेघ आहे का आणि अर्ध्या तासाने सेट तापल्यावर ती फिकी होते का, की जाते, ते बघा. तसं होत असेल तर जोडाचाच दोष धरायचा. दुसरं, रिमोटने मेनू उघडा. मेनूच्या अक्षरांवरूनही रेघ जाते आहे ना? मग सेटटॉप बॉक्स, केबल, डिश यांचा काही संबंध नाही. दोन्ही गोष्टींचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, टीव्हीच्या शेजारी त्या दिवशीचा पेपर धरा. चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो काढा, म्हणजे काचेला कुठे तडा नाही हे दिसेल. मार लागलेल्या पॅनलवर कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर असते आणि शाई सांडल्यासारखा डाग असतो, तो लपत नाही. पडदा दाबून मात्र बघू नका. आणि ओळखीच्या मेकॅनिककडून सेट उघडवून घेऊ नका, अगदी माझ्याकडूनसुद्धा. सील तुटलेलं दिसलं की कंपनीला आयतं कारण मिळेल.

आता व्होल्टेज. सेटच्या मागे लेबल असतं, त्यावर किती व्होल्टवर चालतो ते छापलेलं असतं. बहुतेक सेटवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं सापडतं. तुमच्यावर काय आहे त्याचा फोटो काढा. भिंतीतली वीज पॅनलपर्यंत थेट जातच नाही, मध्ये पॉवर सप्लाय असतो, तो तिला बारीक करून पुढे देतो. व्होल्टेज फार चढलं तर आधी तो जळतो. मग सेट मेला, लाल दिवासुद्धा लागत नाही. तुमचा सेट चालतो आहे, आवाज आहे, रंग आहेत, फक्त दोन रेघा आहेत. साडेअकरा हजार तारांपैकी व्होल्टेजने नेमक्या दोन शोधून काढल्या? हे त्यांना विचारायचं, पण लेखी. ‘व्होल्टेजमुळे बिघाड’ हा निष्कर्ष कोणत्या तपासणीवरून काढला, कोणत्या दिवशी, किती व्होल्ट मोजले आणि कोणी. तिसरा मुलगा आला तेव्हा त्याने प्लगमध्ये मीटर लावला होता का? तुमच्या पत्रात तरी तसं काही नाही.

ओटीपीचं मात्र थोडं रागावून सांगतो, कारण या चुकीचा मानकरी मीही आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या वॉशिंग मशिनचा ड्रम आवाज करत होता. मुलगा आला, म्हणाला, पार्ट मागवतो, फक्त भेट दाखवायला ओटीपी द्या अंकल. दिला. संध्याकाळी मेसेज, तक्रार समाधानकारकरीत्या निकाली. आयुष्यभर लोकांची मशिनं उघडली आणि स्वतःच्या घरात चार आकड्यांनी फसलो. पार्ट यायला दोन महिने लागले, तेही नव्याने तक्रार टाकून. त्या आकड्याचा अर्थ ‘काम झालं, मी समाधानी आहे’ असा धरला जातो. पोराला वरून त्रास असतो, त्या दिवसाच्या तक्रारी त्या दिवशी बंद करायच्या असतात, ते मला समजतं. चहा द्या, पोहे द्या, ओटीपी देऊ नका. जॉबशीटवर सही करायची तर त्याने काय लिहिलं आहे ते वाचा आणि खाली आपल्या हाताने लिहा, ‘रेघ कायम आहे, काम झालेलं नाही’, मग सही. सही केलेल्या पानाचा तिथेच फोटो.

झालं ते झालं. तुमची बाजू तरीही पक्की आहे, कारण १८ जुलै. वॉरंटी एक वर्षाची धरली तर ती ऑक्टोबरच्या अखेरीस संपली, बरोबर. पण दोष त्याआधी तीन महिने दिसला, तक्रार त्याआधी नोंदली, त्यांची माणसं त्याआधी येऊन गेली. पार्ट आणायला त्यांना उशीर झाला म्हणून तुमची मुदत संपली, असं त्यांना म्हणता येत नाही. म्हणून आज मोबाइल घेऊन बसा आणि जुलैपासूनचे त्यांचे सगळे एसएमएस शोधा. तक्रार क्रमांक, इंजिनिअर येणार असल्याचा मेसेज, ओटीपीचा मेसेज, बंद केल्याचा मेसेज. प्रत्येकाचा स्क्रीनशॉट. फोन बदलणार असाल तर आधी हे करा. कॉल लॉगमधून तुम्ही किती वेळा फोन केला तेही काढा. एका वहीच्या पानावर तारीखवार लिहा, फुलवून लिहू नका, ‘अमुक तारीख, अमुक आला, अमुक म्हणाला’ एवढंच. वॉरंटी कार्ड काढून नीट वाचा. काही कंपन्या पॅनलवर जास्तीचं वर्ष देतात, तुमच्या कार्डावर तसं असेल तर गोष्ट तिथेच संपते.

मग पत्र. कार्डावर किंवा खोक्यावर कंपनीचा पूर्ण पत्ता छापलेला असतो, ग्राहक तक्रारींचा ईमेलही. दोन्हीकडे एकाच दिवशी पाठवा, पत्र स्पीड पोस्टाने, पावती जपून. हिंदीत लिहा किंवा मुलाकडून इंग्रजीत करून घ्या, तेवढं तरी काम पुण्याहून होऊ दे. मजकूर साधारण असा ठेवा:

“आपला अमुक मॉडेल, अमुक सीरियल नंबरचा टीव्ही २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ४६,९९० रुपयांना घेतला, बिल सोबत आहे. १८ जुलै २०२५ रोजी, वॉरंटीच्या मुदतीत, पडद्यावर उभी रेघ आल्याची तक्रार नोंदवली, क्रमांक अमुक. आपले तंत्रज्ञ तीन वेळा आले, दोष गेला नाही आणि पॅनल बदलावं लागेल असं आपल्याच तंत्रज्ञाने सांगितलं. ३ नोव्हेंबरला व्होल्टेजचं कारण देऊन तक्रार बंद केली. त्या तपासणीचा अहवाल पाठवावा. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत विनामूल्य पॅनल बदलून द्यावं, ते शक्य नसल्यास सेट बदलून द्यावा किंवा बिलाची रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक आयोगात दाद मागेन.”

यात ‘मनस्ताप’, ‘लाज वाटली पाहिजे’, ‘वयस्कर सासूबाई’ असं काही घालू नका. आईंबद्दल मला वाईट वाटतं, कंपनीच्या टेबलावरच्या माणसाला वाटणार नाही. त्याला सीरियल नंबर, तारीख आणि मागणी दिसली पाहिजे.

पत्र टाकलं की १९१५ला फोन करा. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. ते कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत, तुमची तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर पोचवतात आणि उत्तर मागतात. पण अनेक गाड्या एवढ्यावरच रुळावर येतात, कारण खालच्या कॉल सेंटरला जे अधिकार नसतात ते वर असतात. डॉकेट नंबर, म्हणजे तिथला तक्रार क्रमांक, मिळेल, तो वहीत.

१५ दिवस गेले आणि उत्तर नाही, किंवा पुन्हा तेच व्होल्टेज, तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे लोक बिचकतात, वकील, कोर्ट, खर्च. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा आहे, लागू झाला जुलै २०२०मध्ये, आणि त्याने बऱ्याच गोष्टी सोप्या केल्या. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता तिथल्या आयोगात, म्हणजे इंदूरलाच, तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील हवाच असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, तक्रार, शपथपत्र, बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, स्क्रीनशॉट, पत्र आणि पोस्टाची पावती जोडून. मुदत दोन वर्षांची. ती १८ जुलै २०२५पासूनच मोजा, म्हणजे वाद नको. विरुद्ध बाजूला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. टीव्ही तपासायची गरज पडली तर आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याची फी आधी तुम्हाला भरायला सांगू शकतो, हे लक्षात असू द्या. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी असेल तर पाच, असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. मी शेजारच्या दोघांचे अर्ज लिहून दिले, दोघांनाही त्याहून जास्त वेळ लागला. धीर हवा, खर्च फारसा नाही. नुकसानभरपाईही मागा, पण माफक. ४७ हजारांच्या टीव्हीवर पाच लाखांचा मनस्ताप मागितला की मूळ मागणीही हलकी वाटायला लागते.

मुलाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, नवा सेट थोडा स्वस्त पडेल. मध्ये कंपनीचा फोन येऊन ‘मॅडम, पॅनल उपलब्ध नाही, घसारा वजा करून अमुक रक्कम देतो’ असंही होऊ शकतं. एकदम हो म्हणू नका. दोष वॉरंटीत दाखवला आहे, तर मी घसारा मान्य केला नसता. पण थकून जाऊन चार-पाच हजार सोडावेसे वाटले तर त्यात कमीपणा नाही, फक्त ते ईमेलवर घ्या, फोनवर नको. तोवर आईंना मालिका बघायला घरातला जुना लहान टीव्ही असेल तर तो लावा. डोळ्यांच्या डॉक्टरची फी मागणीत घालावी का असं मनात येईल. त्या दिवशीच्या तारखेची पावती असेल तर जोडा, गंमत म्हणून नाही, जुलैतच रेघ होती याचा तो तिसऱ्या माणसाचा पुरावा आहे.

राहिले भाऊजी. तुमच्या ह्यांना वाटतं, मित्राला मध्ये ओढणं म्हणजे मैत्रीला बट्टा. मी दुकानदाराच्या बाजूने तीस वर्षं उभा होतो, म्हणून सांगतो. गिऱ्हाईक दुकानात येऊन आरडाओरडा करतं त्याचा त्रास होतो, लेखी अर्ज देतं त्याचा होत नाही. उलट दुकानदाराला बरं पडतं. त्याचा कंपनीच्या एरिया मॅनेजरशी रोजचा संबंध असतो, वर्षाला कितीतरी सेट तो विकतो. ‘माझ्या गिऱ्हाइकाने लेखी दिलं आहे, आयोगात गेले तर माझंही नाव लागेल’ एवढं तो वर म्हणाला तर त्या वाक्याचं वजन तुमच्या चाळीस फोनपेक्षा जास्त असतं. तुम्ही काहीच दिलं नाही तर तो कशाच्या जोरावर बोलणार? आणि आयोगात जायची वेळ आलीच तर बिल त्यांच्या दुकानाचं आहे, कंपनीबरोबर त्यांनाही पक्षकार करावं लागेल. ते आधी तोंडी सांगा, नोटीस हातात पडून कळायला नको. त्यांनी एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद दिला असेल तर तोही मागून घ्या आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा, बहुधा टीव्हीच्या कंपनीचं नसतं.

ह्यांना पाठवू नका, ते गप्पा मारून, कचोरी खाऊन परत येतील. तुम्ही जा. सकाळी अकराच्या सुमाराला, गर्दी नसते. कंपनीच्या पत्राच्या दोन झेरॉक्स न्या, एक त्यांच्याकडे द्या, दुसरीवर ‘प्रत मिळाली’ लिहून दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. भाऊजी म्हणतील, वहिनी, तुमच्या-आमच्यात शिक्का कशाला. हसून म्हणा, आईंनी सांगितलं आहे, शिक्का घेतल्याशिवाय घरी यायचं नाही.